कमानीतला जादा पाटा

बरोबरीच्या अदलाबदलीत दोघांपैकी एक जण फसलेला असतोच, आणि आपण फसवलेले नसेल तर फसलेले आपणच, असा मनोहरराव पांढरीपांड्यांचा सिद्धान्त होता. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ज्याने उभे आयुष्य गिरणीच्या यंत्रांची देखभाल केली, त्याला कोणत्याही गोष्टीत आधी बिघाड शोधायची सवय लागते. त्यामुळे पिंपळदऱ्याचे संत्रा बागाईतदार चंपतराव रेवतकर मनोहररावांच्या महाल वस्तीतल्या घराच्या ओसरीवर बसून म्हणाले, "तुमची लाल गाडी मले द्या, माही फियाट तुमी ठेवा, वरून काईच नको," तेव्हा मनोहररावांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"फियाट चालू आहे?"

"चालू? पऱ्हाटीतून ससा पळते ना, तशी पळते!"

"मग देता कशाला?"

"हौस हाय," चंपतराव म्हणाले. पण म्हणताना त्यांनी बशीत पाहिले.

लाल गाडी म्हणजे दोन आसनांची, वरून उघडी, बसक्या बांध्याची इंग्रजी मोटार. कामठीच्या छावणीतून निवृत्त होऊन जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून मनोहररावांनी ती अक्षरशः सुट्या भागांत आणली होती. पुढची कितीतरी वर्षे रविवारमागून रविवार खर्ची घालून त्यांनी ती जुळवली. तिचे इंजिन सुरू झाले की गल्लीतली पोरे धावत येत आणि सुमतीबाई आतून म्हणत, "आल्या सवतबाई."

मात्र गेल्या कोजागिरीला मनोहररावांच्या आईला, गोपिकाबाईंना, दम्याचा मोठा झटका आला. त्यांना पाठीमागून धरून ताठ बसवणारे कोणीतरी हवे होते. पण गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. सुमतीबाई दारात उभ्या राहिल्या. मनोहरराव एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने आईला सांभाळत निघाले. बडकस चौकाच्या वळणावर आई आसनावरून खाली घसरली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी एवढा उशीर परवडणार नाही." त्या दिवसापासून त्यांना वेगाने पळणारी, पण चार माणसे नीट बसतील अशी गाडी हवी होती. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून ठेवले होते. परंतु त्या रांगेचे टोक दिसत नव्हते, आणि पुढचा झटका रांग पाहून येणार नव्हता.

म्हणजे गरज होती, आणि गरजवंताला फसवणे सर्वांत सोपे असते.

चंपतराव फियाट तपासायला ठेवून गेले. मनोहररावांनी अंगणात तिची कसून परीक्षा घेतली. प्लग काढून पाहिले, तर उत्तम ज्वलनाची खूण असलेला बदामी रंग. इंजिनाचे हेड घासून मुद्दाम ताकद वाढवलेली. बागाईतदाराला इतक्या वेगाची गरज का पडावी? पुढची आसने जवळपास नवी, तर मागच्या आसनाचे रेक्झिन झिजून पांढरे पडलेले. मागच्या खिडक्यांना जाड पडदे. मागचे डावे दार सरळ ओढून उघडेना. दांडी आधी वर उचलून मग झटका द्यावा लागे, आणि ही खुबी कळायला मनोहररावांचा बराच वेळ गेला. आत डेटॉलचा उग्र वास, आणि त्याच्याखाली दडलेला आणखी एक वास, जो ओळखू येत नव्हता.

शेवटी ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"काय सापडलं?" सुमतीबाईंनी विचारले.

"मागच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पाटा आहे," ते खालूनच म्हणाले. "दोन्ही बाजूंना. ही गाडी नेहमी मागे ओझं वाहते. इंजिन वेगवान, खिडक्यांना पडदे, वास मारायला डेटॉल, आणि मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर. आता तूच सांग."

"काय सांगू?"

"मोहाची दारू!"

"अहो, सरळ विचारा ना त्यांना."

"चोराला विचारून चोरी कळत असती, तर पोलीस कशाला ठेवले असते?"

संशयाला खतपाणी चंपतरावांनीच घातले. करार पक्का करण्यापूर्वी रविवारी दोघांनी एकमेकांच्या गाड्या दिवसभर चालवून पाहाव्या असे ठरले, तेव्हा लाल गाडीची किल्ली खिशात टाकताना ते म्हणाले, "कोठीबी फिरा. रामटेकले जा, गढावर दर्शन घ्या. फक्त काटोलच्या पुढं जाऊ नका बरं."

"का?"

"रस्ता खराब हाय."

रविवारी सकाळी मनोहररावांनी फियाट सरळ काटोल रस्त्याला लावली. शेजारी सुमतीबाई आणि मागे गोपिकाबाई. गाडी जिच्यासाठी घ्यायची, तिने बसून पाहिल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही, हे त्यांचे तत्त्व होते.

"रामटेक इकडे आलं का रे?" आईने मागून विचारले.

"आपण काटोलच्या पुढे चाललो आहोत, आई."

"नको म्हटलंय ना त्यांनी?"

"म्हणूनच."

काटोल मागे पडले. रस्ता कुठेही खराब नव्हता. मनोहररावांनी बायकोकडे अर्थपूर्ण नजर टाकली. पुढे रेल्वेचे फाटक बंद होते आणि दोन मालट्रक व बैलगाड्यांची रांग लागली होती. मालगाडी धडधडत निघून गेली. फाटकवाल्याने दांडा उचलला आणि पुढच्या ट्रकवाल्याला हाक मारली, "ए, बाजूले घे! फियाटले आंधी जाऊ दे!" ट्रक मुकाट्याने बाजूला सरला. बैलगाड्या रस्त्याच्या कडेला उतरल्या. फाटकवाल्याने तर आत न पाहताच कपाळाला हात लावला.

मनोहररावांच्या मानेवर घाम आला. "पाहिलंस? सगळे मिळालेले आहेत. फाटकवाल्यापर्यंत."

"गाडी वळवा," सुमतीबाई आता खरोखर घाबरल्या होत्या. "आपण चंपतराव नाही हे कळलं म्हणजे?"

वळवायला जागा पिंपळदऱ्याच्या फाट्यावरच होती. तेथे कडुनिंबाखाली एक बैलगाडी सुटलेली होती. फियाट थांबते न थांबते तोच एक उंच, हाडापेराने मजबूत बाई धावत आली. तिने मागच्या डाव्या दाराची दांडी वर उचलली, झटका दिला आणि एका दमात दार उघडले. खुबी तिला कोणी सांगावी लागली नाही.

"किती वाट पाहाची गा, चंपत! पोरगी..." पुढच्या आसनावर अनोळखी चेहरा पाहून ती थबकली. "तुमी कोन?"

"तुम्ही कोण?" मनोहररावांनी गिरणीच्या फाटकावरचा आवाज काढला. "ही गाडी तुमच्या माहितीची कशी?"

"आता कोर्टात उभी करता का मले? हे माही सून शामला, हिचे दिवस भरले. चंपतनं सांगतलं, गाडी दुरुस्तीले गेली. आम्ही बंडीत टाकून निघालो, त बैल लंगडलं. अन् हे गाडी त धडधाकट चालून राहिली!" बोलता बोलता तिने कण्हणाऱ्या सुनेला गोपिकाबाईंच्या शेजारी आडवे केलेसुद्धा. "सरका वं आजी. डोकं मांडीवर घ्या."

गोपिकाबाईंनी काहीही न विचारता मांडी दिली आणि पडदा ओढला. "मनोहर, चौकशी मागाहून कर. गाडी हाण."

मनोहररावांनी गाडी हाणली. तिसऱ्या गियरमध्ये तिने असा जोर धरला की अंगणात केलेल्या सर्व परीक्षा त्यांना पोरखेळ वाटल्या. खड्ड्यांतून ती धावत होती; परंतु मागे दणका पोहोचत नव्हता, जादा पाटा तो अलगद झेलत होता. फाटक उघडेच होते आणि फाटकवाला दोन्ही हातांनी लोकांना मागे सारत होता.

"या गाडीत पहिल्यांदाच बसलात का, बाई?" सुमतीबाईंनी हळूच विचारले.

"पहिल्यांदा? माहा मोठा नातू या गाडीतच झाला, काटोल यायच्या आंधी! म्हनून त मी पडदे शिवून देल्ले. इचूकाटा म्हना, झटके म्हना, नवरदेव म्हना, पंचक्रोशीत हे एकच गाडी. मागं चार-पाच जन कोंबतात, म्हनून चंपतनं कमानीत पाटा टाकला. मी जिजाबाई. तुमी गाडी दुरुस्त करनारे मिस्त्री का?"

"हो," सुमतीबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "फार बारकाईनं पाहणारे मिस्त्री आहेत. त्यांना मोहाचाही वास येतो."

मनोहररावांनी फक्त हॉर्न वाजवला.

काटोलच्या दवाखान्यात शामलाला आत नेले आणि थोड्याच वेळात नवजात मुलीच्या रडण्याचा आवाज आला. तो ऐकून गोपिकाबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांना धाप लागली. वाटेची धूळ, धावपळ, मांडीवरचा भार. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. सुमतीबाईंनी त्यांना पाठीमागून धरून ताठ बसवले; डॉक्टर तेथेच होते, सुई लगेच मिळाली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मनोहररावांच्या मनात एकच हिशेब चालू होता. हाच झटका महालात, लाल गाडीच्या भरवशावर आला असता तर?

इतक्यात बाहेर तीच ओळखीची घरघर ऐकू आली. लाल गाडी येऊन थांबली. चालवत होते चंपतराव. शेजारच्या आसनावर त्यांचा गडी लहानू अर्धवट लवंडलेला, पाय दारावरून बाहेर, आणि पायाला बांधलेले धोतर रक्ताने भिजलेले. लाकडे फोडताना कुऱ्हाड निसटली होती. त्याला आत पोहोचवून चंपतराव परत आले.

"तुमाले काटोलच्या पुढं जाऊ नका म्हनलं होतं ना गा?"

"म्हणूनच गेलो," मनोहरराव म्हणाले. "खरं कारण आता सांगा. हौस नाही; ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

चंपतराव पायरीवर बसले. "वैशाखात सुभद्रेच्या, माह्या घरवालीच्या, पोटात दुखून आलं. गाडी कोठी? दुसऱ्याच्या वरातीत! माह्या बायकोले मी बंडीत नेलं, साहेब. वाचली. पन ते एकच बोलली, 'गाडी गावाची, मी कोनाची?' मग तुमची लाल गाडी सीताबर्डीवर पाहिली. म्हनलं, हे बेस. मी अन् सुभद्रा. तिसऱ्याले जागाच नाही, त मागंल कोन? गावाले सांगाची हिंमत नव्हती, म्हनून दुरुस्तीचं खोटं बोललो."

"आणि सुभद्राबाई आत्ता कुठे आहेत?" सुमतीबाईंनी विचारले.

चंपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गाडीतच होती. लहानूले पाहून तीच उतरली. म्हने, याच्या पायातून रगत जाऊन राहिलं अन् मी काय मिरवू?" त्यांनी लाल गाडीची किल्ली पुढे केली. "घ्या. सौदा रद्द. हिच्यात एका येळी एकच मानूस येते. तिच्यात तीन तरी जातात. सुटका काई दोन्हीत नाही."

गेले कित्येक दिवस मनोहरराव नाही म्हणायला कारण शोधत होते. आता समोरचाच नाही म्हणत होता.

"चंपतराव, ही फियाट मला हवी आहे."

"काहून?" चंपतरावांचे डोळे बारीक झाले. "आतापर्यंत त चोराकडे पाहावं तसं पाहून राहिले होते माह्याकडं."

मनोहररावांनी दाराकडे बोट दाखवले. आत सुमतीबाईंच्या छातीला टेकून गोपिकाबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा श्वास अजून बारीक वाजत होता. चंपतरावांनी तो नीट कान देऊन ऐकला. मागच्या आसनावरून असे श्वास त्यांनी पुष्कळ ऐकले होते, आणि कोणता किती वेळ थांबू शकतो याचा त्यांना अंदाज होता. त्यांनी पुढे केलेली किल्ली मुकाट्याने परत खिशात टाकली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "गावाचं मी पाहीन. बंड्या हायेतच."

"थांबा. लाल गाडी पुढच्या रविवारपर्यंत माझ्या अंगणात राहील. मग घेऊन जा."

"पुन्हा तपासनी?"

"नाही. काम आहे."

त्या रविवारी चंपतराव महालात आले, तेव्हा लाल गाडीचे शेजारचे आसन अंगणात निघून पडले होते. त्याची शिलाई मनोहररावांनी स्वतः केली होती. आसनामागचा चकचकीत पत्रा, जो घासून आरशासारखा करण्यात एक आख्खा हिवाळा गेला होता, त्यावर खडूची सरळ रेघ ओढलेली होती. मनोहररावांनी रेघेवर करवत ठेवली. मग पत्रा कर्कश किंचाळला, आणि आतून सुमतीबाई धावत बाहेर आल्या; या वेळी त्यांनी सवतबाईंचा पत्रा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दुपारपर्यंत पत्र्याला खाच पडून चालकाशेजारी पाय ठेवायच्या जागेपासून गाडीच्या शेपटापर्यंत एक फळी बसली, बिजागऱ्यांवर उचलता येणारी. फळी टाकली की माणूस पुरा आडवा निजेल. उचलली की तिच्याखाली आसन. "पेशंट नसेल तेव्हा सुभद्रावहिनींसाठी," मनोहरराव म्हणाले आणि गाडीखाली सरकले. मागच्या कमानीत घालायला त्यांनी एक जादा पाटा कापून ठेवलाच होता.

चंपतरावांनी गाडीला एक फेरी मारली, फळी उचलून पाहिली, टाकून पाहिली. मग वाकून त्यांनी गाडीखाली डोकावले.

"साहेब, खरं सांगा," त्यांच्या आवाजात पुरता संशय होता, "येवढं काहून करून राहिले? याच्यात तुमचा काय फायदा?"

"पाना द्या," खालून आवाज आला. "आणि तो पाटा वर धरा. घट्ट."