एरंडेल आणि मोरी

आमचे हे प्लंबर आहेत. प्लंबरच्या बायकोच्या नशिबी काय, तर गळका नळ. आमच्या स्वयंपाकघरातला नळ लग्नापासून टपटपतोय. दुरुस्त करायला यांना सवड नाही, आणि दुसऱ्या कुणी पाना हातात घेतलेला यांना खपत नाही. लोकांकडे दिव्याखाली अंधार असतो, आमच्याकडे नळाखाली बादली.

त्या दिवशी सकाळी हे पोट धरूनच उठले. बेंबीभोवती कळ येत होती. चहा नको म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण हा माणूस तापातसुद्धा चहा सोडत नाही. मग एक उलटी झाली. अंगात कणकण होती. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर मलाच शिकवायला लागले.

“अगं, पोट म्हणजे तरी काय? पाइपच की. कुठेतरी अडकलंय. सरकेल आपोआप.”

दुपारी खरंच सरकलं. कळ बेंबीपासून निघाली आणि उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाजवळ जाऊन बसली. यांना कोण आनंद!

“बघ! चोकअप पुढे गेलाय. लाइन संपतच आली. आता वरून जरा जोर दिला की मोकळं!”

जोर म्हणजे एरंडेल. कपाटातून बाटली काढून हे मोठा चमचा शोधायला लागले. बरं वाटतंय म्हणत होते, पण सरळ उभं राहवत नव्हतं. खोकला आला की डोळ्यांत पाणी. चेहरा पांढराफटक. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता. तोंडातून अर्थातच राग बाहेर पडला.

मी बाटली हिसकावून घेतली. “गिऱ्हाइकांना काय सांगता हो तुम्ही? मी येईपर्यंत काही ओतायचं नाही. ॲसिड ओतून ठेवलेल्या घरातून शिव्या घालत परत येता की नाही?”

“ते वेगळं. दे इकडे.”

“आधी डॉक्टरांना बघू दे, मग काय ओतायचं ते ओता. चला. नाहीतर हे सगळं तेल मी मोरीत ओतते.”

हे ताडकन उठायला गेले आणि अर्ध्यातच वाकून टेबल धरलं. “तेल? मोरीत? डोकं फिरलंय का तुझं? सगळी लाइन खराब होईल!”

मी बूच काढलं. बाटली तिरकी केली.

“थांब! येतो! येतो म्हणतोय ना!”

जे तेल स्वतःच्या पोटाला चालणार होतं, ते मोरीला चालत नव्हतं. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली की हे रस्ता करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

डॉक्टरबाईंनी यांना आडवं करून उजवीकडे हळूहळू दाबलं आणि पटकन हात सोडला. दाबताना दुखलं, पण सोडताना हे असे ओरडले की बाहेर बसलेल्या दोन पेशंटनी घरचा रस्ता धरला.

“अपेंडिक्स वाटतंय,” बाई म्हणाल्या. “आतड्याला करंगळीएवढी पिशवी असते, ती सुजलीय. आतड्याला आपलं दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगता येत नाही, म्हणून आधी बेंबीभोवती दुखतं. सूज पोटाच्या अस्तराला लागली की खरी जागा कळते. दुखणं पुढे गेलं नाही, वाढलंय. जुलाबाचं काही घेतलं नाहीत ना?”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“बरं झालं. आतड्यांवर जोर आला असता, तर ती पिशवी फुटायचा धोका होता. मग पू पोटभर पसरतो आणि जिवावर बेततं.”

फुटणं म्हणजे काय, हे यांना वेगळं समजवायची गरज नव्हती. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सलाइनमधून औषधं सुरू झाली आणि संध्याकाळचं ऑपरेशन ठरलं. लहान लहान भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा.

“कॅमेरा?” हे म्हणाले. “आणि मी इतकी वर्षं नुसती तार घालतोय.”

विनोद सुचतोय म्हणजे घाबरलेले नाहीत, असं मला वाटलं. पण ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी यांनी माझा हात धरला. चारचौघांत कधी धरत नाहीत.

“ऐक. आपल्या घराचा मेन कॉक जिन्याखाली आहे, फळीमागे. कधी पाइप फुटलाच, तर आधी तो बंद करायचा. उजवीकडे फिरव. जोर लावू नकोस.”

पान्याला हात लावू न देणारा माणूस मला मेन कॉक सांगत होता.

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. “तुम्ही कामाला गेलात की रोज मीच बंद करते. ती टपटप डोक्यात जाते माझ्या.” आणि तिथेच मला रडू फुटलं.

ऑपरेशन नीट झालं. पिशवी फुटायच्या आधीच हाती लागली. शुद्धीवर आल्यावर यांचा पहिला शब्द होता, “नळ?”

“टपटपतोय. आणि बाईंनी तुम्हाला सध्या जोराचं काम करायचं नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा तो मी दुरुस्त करणार.”

एरंडेल न पिताच यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“पाना माझ्या पिशवीत आहे, खालच्या कप्प्यात,” शेवटी म्हणाले. “आधी मेन कॉक बंद कर हं.”