नानांच्या फोनवर जाड दिसणाऱ्या पोरी

रूपाच्या लॅपटॉपवर वधू-वरांची साइट झकास दिसत होती. तिन्ही ब्राउझरमध्ये उघडली, स्वतःच्या फोनवर पाहिली, बहिणीच्या फोनवर पाहिली, कुठेही तक्रार नाही. आणि तरी सकाळपासून सोनगीरहून लीलाधरनानांचे सात फोन आले होते.

"बेटा, मना फोनमा बठ्ठ्या पोरी जाड्या दिसतस."

सगळ्या पोरी जाड दिसतात, आता यावर माणसानं काय बोलावं! नाना म्हणजे समाजाच्या वधू-वर समितीचे सचिव. रविवारी धुळ्याला परिचय मेळावा होता आणि आज संध्याकाळी सहाला साइट सगळ्यांसाठी उघडायची होती. हे काम रूपानं फुकट अंगावर घेतलं होतं, पण उगाच नाही. गेल्या वर्षी साखरपुड्यातच होणाऱ्या नवऱ्यानं, शिरपूरच्या जितेंद्रनं, तिच्या धाकट्या बहिणीवर, सुलक्षणावर, चारचौघांत हात उचलला. सुलक्षणानं तिथल्या तिथे अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. तेव्हापासून स्थळं यायची बंद झाली होती. या साइटवर तरी पोरीकडे कुणी कोऱ्या मनानं बघावं, एवढंच रूपाला हवं होतं.

"नाना, दुसरा ब्राउझर टाका ना फोनमध्ये."

"जागा नही शे. पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ शेत."

"मग थोडे काढून टाका."

"लग्नाचे?" नानांना लागलंच ते.

स्क्रीनशॉट मागितला तर त्यांनी बायकोच्या फोननं आपल्या फोनचा फोटो काढून पाठवला. त्यात अर्धा अंगठा आणि उरलेल्या जागेत काचेत उमटलेला छताचा पंखा. रूपानं कपाळावर हात मारला, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि जळगावहून धुळ्याची एसटी धरली. नानांना समितीच्या ऑफिसात बोलावून घेतलं.

तिथे तिनं त्यांचा फोन हातात घेतला. नाना खरं तेच सांगत होते. एकेक पोरगी लाटलेल्या पोळीसारखी पसरलेली, आणि तिचा फोटो खालच्या माहितीवर चढलेला. घरोघरी मोठ्यांच्या हाती असलेच फोन, आणि मुली पसंत करणार तेच. सोडून देऊन चालणारच नव्हतं.

मग सुरू झालं. रूपानं इकडे बदल करायचा, नानांनी तिकडे बघायचं. "आता?" "आता बारीक व्हयनी, पण डोकं गायब शे." "आता?" "आता दोन-दोन दिसतस." मधेच नाना चहा मागवत, मधेच फोन खिशात ठेवून देत. साडेचार वाजले, पाच वाजले. रूपाचं डोकं भणभणायला लागलं. अकराव्या खेपेला नाना ओरडले, "जमनं!"

फोटो सरळ झाले होते आणि त्यांच्याखाली दडलेली माहिती आता वर आली होती. रूपानं घाईघाईनं सुलक्षणाचं पान काढलं. नाव, शिक्षण, पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी. त्याखाली एक चौकट. समितीचा शेरा: साखरपुडा मोडलेला. मुलगी उलट बोलते.

तिनं दोनदा वाचलं. ही चौकट तिनंच ठेवली होती, नानांनी मागितली म्हणून. कागदपत्रं मिळाली की नाही ते लिहायला हवी, असं म्हणाले होते. बाहेरच्यांना दिसू नये म्हणून पानातच ती लपवायची सूचना तिनं घाईत लिहून टाकली होती. नव्या ब्राउझरांना ती कळत होती, नानांच्या जुन्याला कळत नव्हती. चूक तिचीच. पण मजकूर समितीचा!

ती पुढच्या मुलींची पानं सरकवत गेली. रंग सावळा. बाप पितो. पुण्यात एकटी राहिलेली. मग तिनं मुलांची पानं काढली. रिकामी चौकट, रिकामी चौकट. जितेंद्रच्या फोटोखालीही रिकामी चौकट.

"अव माय, हाई कसं दिसी ऱ्हायनं?" नाना हादरले. "झाक बेटा, लवकर झाक! सहाले बठ्ठा लोक उघडतीन."

"कुणी लिहिलं हे?"

"समितीनं. म्हणजे टाईप मीच केलं. कोणी विचारलं तर सांगायला बरं पडतं."

"आणि जितेंद्रचं? तुम्ही तर साखरपुड्यात पुढेच बसला होतात, नाना."

नानांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "पोराचं कोण विचारतं, बेटा?"

रूपाच्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस रात्रंदिवस खपून ती बहिणीची बदनामीच नीटनेटकी मांडत होती! तिनं मूळ तक्ता उघडला आणि शेऱ्याचा सगळा रकाना निवडला. पुन्हा मिळणार नाही, काढायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं. तिनं हो केलं.

नानांनी पान पुन्हा उघडलं. "गयं! झकास झाकलं तू."

"झाकलं नाही, नाना. पुसलं. आता समितीलाही दिसणार नाही."

"अरे देवा! मग आता पोरींची माहिती आम्हाला कशी कळायची?"

"पोरींनाच विचारा," रूपा पिशवी उचलत म्हणाली. "सुलक्षणापासून सुरुवात करा. ती उलट बोलते ना, सगळं नीट सांगेल."