ओला रंग आणि आमदारांची समिती

मित्रांनो, आधी बसून घ्या. मी एक जुना बाक आहे आणि उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. खरं तर गोष्ट सांगायचीही नाही. आयुष्यभर मी ऐकण्याचंच काम केलं. तेव्हा सांगताना मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

मला घडवणारा सुतार अबोल होता, पण त्याचा हात देखणा. मला विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत जायचं होतं. तिथे लोकांना तासन्‌तास बसावं लागतं हे त्याने कुठेतरी ऐकलं असावं, कारण माझी पाठ त्याने जराशी मागे कलती ठेवली आणि कोपरे घोटून घोटून गोल केले. इतक्या वर्षांत माझ्यामुळे कोणाचा सदरा फाटला नाही. एवढी एक गोष्ट मी जरा अभिमानाने सांगतो.

गॅलरी उंचावर होती. तिथून आमदारांचे चेहरे कमी आणि टकलं जास्त दिसत. शाळांची मुलं यायची, सुरुवातीला कान टवकारून बसायची आणि थोड्याच वेळात एकमेकांच्या खांद्यावर डुलक्या घ्यायची. मला डुलकी घेता येत नसल्यामुळे मी ऐकत राहिलो आणि हळूहळू कारभार शिकलो. रस्त्यांवर बोलायला सगळेच उठत. पाण्यावरून हमरीतुमरी होई. आरोग्य खात्याची पाळी मात्र बहुधा दुपार कलल्यावर येई, आणि तेव्हा अर्धं सभागृह चहाला गेलेलं असे. मंत्री आकडे वाचत, अध्यक्ष मत घेत, दोन-चार आवाज ‘होय’ म्हणत. साऱ्या राज्याच्या औषधपाण्याची वर्षभराची सोय शेजारच्या मुलाच्या तोंडातली पेपरमिंटची गोळी विरघळायच्या आत पक्की होऊन जाई. कधी तिच्यात कपात होई, तीही तेवढ्याच वेळात. ती माणसं वाईट होती असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्यासमोर कागद होते, आणि कागदाला ताप येत नाही.

पुढे गॅलरीत गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे मोडके पंखे आणि उंदीर यांच्या संगतीत मी किती काळ काढला ते मोजलं नाही. आता आपली लाकडं होणार असं धरून चाललो होतो. पण एके दिवशी दोन माणसांनी मला उचलून ट्रकमध्ये घातलं आणि एका गावाच्या टोकाला, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात आणून टेकवलं.

मित्रांनो, खरं काम काय असतं ते मला तिथे कळलं. गॅलरीत लोक कंटाळून बसत, इथे आशेने बसत. तापलेल्या पोराच्या अंगाची ऊब आईच्या मांडीतून माझ्या फळीपर्यंत पोचे. केंद्र लहानच होतं. डॉक्टरीणबाई एक दिवसाआड यायच्या. रोजचा गाडा सिस्टर ओढायच्या, आणि झाडण्यापासून फाटकाच्या कुलपापर्यंतचं सगळं शिपाईमामा बघायचे. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, काकूंची लाँड्री. काकूंची जीभ त्यांच्या इस्त्रीपेक्षा गरम, असं मामा म्हणायचे. अर्थात काकू दुकानात नसताना.

काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा रक्तदाब एकसारखा चढायचा. सिस्टर तिला आठवड्यातून दोनदा बोलावून तपासत. ती माझ्या कडेला बसायची, सुजलेले पाय पुढे पसरायची आणि समोरच्या दुकानातून आई ओरडायची की पाय लोंबकळत ठेवू नकोस. मोठं इस्पितळ तालुक्याला होतं. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत आणि दुसरी बस आली तर आली. सिस्टर एकदा डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाल्या होत्या की ही मुलगी इथे चालत येते म्हणून आपल्या नजरेखाली आहे. दोन बस करून काही ती आठवड्यातून दोनदा जायची नाही.

आणि नेमकी त्याच वेळी बातमी आली. खर्च कमी करायचा म्हणून सरकारने ठरवलं होतं की ज्या केंद्रांत रोगी थोडे, ती बंद करून तालुक्याच्या इस्पितळाला जोडायची. कोणती बंद करायची ते आमदारांची एक समिती गावोगाव फिरून बघणार आणि सभागृहाला कळवणार. आमचं नाव त्या यादीत होतं.

आता काय करायला हवं होतं? काहीच नाही. रोजच्यासारखं राहायचं होतं. पण पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्या माणसांना गप्प बसवत नाही. वरच्या साहेबांचा फोन आला की केंद्र आरशासारखं दिसलं पाहिजे. मामांनी भिंती धुतल्या, जाळी काढली, आणि आदल्या संध्याकाळी मला निळा ऑइलपेंट फासला. मीही मनातून सुखावलो, हे कबूल करतो. म्हातारपणी कोण आपल्याला रंगवतं?

मग प्रश्न उरला रोग्यांचा. व्हरांड्यात पोरं रडणार, कोणी खोकणार, कोणीतरी गोळ्या मिळत नाहीत म्हणून गाऱ्हाणं घालणार. समितीला उगाच त्रास. सिस्टर आणि मामांनी विचार करून सगळ्यांना सांगितलं की समिती जाईपर्यंत केंद्रात पाऊल टाकू नका. लोकही गुणी. सकाळपासून सगळे काकूंच्या लाँड्रीत, कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये पडद्याआड जाऊन बसले.

समितीची गाडी आली तेव्हा सारवासारव संपली होती. माझा रंग मात्र दमट हवेमुळे वाळला नव्हता. मामांनी ‘ओला रंग’ असं लिहिलेला पुठ्ठा माझ्यावर ठेवला होता. पण गाडीचा हॉर्न ऐकताच तो बरा दिसत नाही म्हणून त्यांनी उचलून आत लपवला.

आमदार खोल्या पाहत फिरले. एका तरुण आमदारांनी रोगी किती असं विचारलं. सिस्टरनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. पण काही सांगायच्या आत पेन टेकलं होतं. आमदारांनी कागदावर शून्य लिहिलं. तो आकडा मला माझ्या जागेवरून दिसला नाही, पण पेनाची गोल हालचाल दिसली.

समितीचे प्रमुख वयस्कर होते. पूर्वी शाळेत मास्तर होते म्हणे. त्यांचा गुडघा दुखत असावा. इतरांचं आटपेपर्यंत जरा टेकावं म्हणून ते व्हरांड्यात आले आणि, मित्रांनो, माझ्यावर बसले. मामा ‘साहेब, साहेब’ करत धावेपर्यंत उशीर झाला होता. ते उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर माझ्या फळ्यांचे निळे पट्टे ओळीने उमटले होते. मला वाटलं, संपलं. केंद्र बंद व्हायचं ते होईलच, शिवाय मला आजच सरपणात घालतील.

ऑइलपेंट काढणारं टर्पेंटाइन मिळेल अशी जागा एकच. मामा त्यांना रस्त्यापलीकडे काकूंकडे घेऊन गेले. पुढची हकीकत काकूंनी माझ्यावर बसून इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथेच होतो असं मला वाटतं.

काकूंनी साहेबांना नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगावर ठेवून निघायचा नाही. काढून द्या." एका गिऱ्हाइकाची फुलाफुलांची चादर त्यांनी पुढे केली. आमदारसाहेब चादर गुंडाळून पडद्याआड गेले, तर तिथे दाटीवाटीने सगळं गाव बसलेलं. दाराशी निवृत्त कंडक्टर होता. त्याला मोतीबिंदू; धूसर दिसायचं. चादरीतला माणूस त्याला आपल्यासारखाच कोणी रोगी वाटला आणि त्याने गाठोडं बाजूला करून जागा दिली.

"बसा. ते समितीवाले टळले की आत सोडणार आहेत," तो म्हणाला. "तुमचा नंबर माझ्यामागे. घुसायचं नाही."

साहेबांनी विचारलं की इतके लोक रोज येतात का. कंडक्टर म्हणाला, आज तर कमीच आहेत, काहींना गाठोड्यांत बसवेना म्हणून ते घरी गेले. मग इथे का बसलात, असं त्यांनी विचारल्यावर काकूंची लेक पोटावर हात ठेवून म्हणाली, "समितीला गर्दीचा त्रास नको म्हणून."

साहेब आधी हसले. इतके हसले की चादर आवरता आवरेना. मग हसू आवरून त्यांनी चादरीची गाठ घट्ट केली. पँट वाळेपर्यंत त्यांना हलता येत नव्हतं, म्हणून ते तिथेच एकेकाशी बोलत बसले. लेकीला त्यांनी दोन बसचं विचारलं. दुसऱ्या बसचा भरवसा नाही, हे कंडक्टरनेच सांगितलं; आयुष्य त्यातच गेलं होतं त्याचं.

परत आल्यावर तरुण आमदारांनी कागद सहीसाठी पुढे केला. साहेबांनी तो घेतला, शून्यावर काट मारली आणि सही न करताच खिशात घातला. मामा माफी मागायला पुढे झाले. पण साहेबांनी जाताना एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी कोणाला लपवू नका.

काही आठवड्यांनी सभागृहात तो विषय निघाला. काकूंनी रेडिओ दुकानाच्या तोंडाशी आणून मोठा केला. मला एकट्यालाच ठाऊक होतं की तिथे गोष्टी किती झटपट उरकतात, आणि ते कोणाला सांगताही येत नव्हतं. मंत्री आकडे वाचू लागले. तेव्हा साहेबांचा आवाज आला. त्यांनी चादरीसकट सगळं सांगितलं. सभागृह खो खो हसलं. कोणीतरी विचारलं, याला पुरावा काय? ते म्हणाले, पँट धुतली तरी पट्टे गेलेले नाहीत, सन्माननीय सदस्यांनी मागून पाहावं. पुन्हा हशा झाला. तो ओसरू देऊन ते म्हणाले,

"आपण बघायला जातो त्याच दिवशी लोकांना बाजूला बसवतात. मग आपण रिकामी जागा मोजतो आणि केंद्र बंद करतो. ती मुलगी आठव्या महिन्यात दोन बस बदलून कुठे जाणार, एवढं मला सांगा, मी लगेच सही करतो."

एका दिवसाच्या पाहणीवरून कुठलंही केंद्र बंद करू नये आणि यादीतल्या सगळ्या केंद्रांचा खर्च पूर्ववत द्यावा, यावर अध्यक्षांनी मत घेतलं. काकूंच्या हातातली इस्त्री अधांतरी राहिली. आणि मग ‘होय’चा असा गलका झाला की रेडिओ खरखरला. त्या दिवशी चहाला फारसं कोणी गेलं नसावं. सिस्टर माझ्यावर मटकन बसल्या आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला की माझ्याही सांध्यांतून हवा गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, नेहमीच्या तपासणीत, लेकीचा रक्तदाब भलताच चढलेला निघाला. सिस्टरनी तिला तिथल्या तिथे आडवं केलं, इंजेक्शन दिलं आणि गाडी बोलावून थेट तालुक्याला पाठवलं. निरोप येईपर्यंत काकू माझ्यावर बसून होत्या. इतक्या वर्षांत त्या गप्प बसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. वेळेवर पाठवलंत म्हणून, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी डोळे पुसले आणि लगेच मामांना फैलावर घेतलं, की उभे काय राहिलात, चहा सांगा.

ती मुलगी परवा लस टोचून घ्यायला आली होती. आईच्या मांडीवर रडली, मग माझ्या फळीवर चिमुकली टाच आपटत झोपून गेली.

मित्रांनो, तुमच्या गावच्या केंद्रातही असा एखादा बाक असेल. त्यावर नावं कोरू नका, त्याला उन्हापावसात टाकू नका. आणि कोणी मोठा माणूस पाहायला येणार असेल तर त्याच्यासाठी उठून जाऊ नका. जरा सरका आणि त्यालाही तुमच्या शेजारी बसवून घ्या.