हळदीत हललेला दगड

गव्हाणच्या बळीरामकाकांनी आयुष्यात हद्दीचा दगड पहिल्यांदा हलवला तो पुतण्याच्या हळदीसाठी. धनेशच्या मांडवात डीजेच्या स्पीकरांची भिंत बसेना. मध्ये दोघांच्या जमिनींमधला दगड. काकांनी पहार घेतली आणि दगड उपटून दहा फूट आत, स्वतःच्या जागेत रोवला. रस्त्याला लागून काकांची तेवढीच पट्टी होती. तिथे मुलीचं, रंजिताचं, पार्लर व्हायचं होतं.

"काका, लगीन झाला का परत लावू," धनेश म्हणाला. अंगाला हळद लागलेल्या माणसाकडून लेखी घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

वर्षभर दगड तिथेच राहिला. मग मोजणी निघाली. धनेश स्वतःच मोजणीदार. उपग्रहाशी बोलणारी काठी घेऊन आला. त्याने नियम समजावला: आता प्रत्येक जागेला दोन आकडे, पूर्वेकडे किती मीटर आणि उत्तरेकडे किती. पण आकडे हवेत लटकून चालत नाहीत, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या खुणेला बांधावे लागतात.

"पण दगड हललाय ना रं?"

"ते मी हिशेबात धरतो ना काका. तुमी मोठे, पयली सही तुमची." आणि पाया पडला.

काकांनी खूण मान्य असल्याची सही केली. महिन्याने नकाशा आला, त्यात पट्टी धनेशची.

"आरं, तुझ्याच हळदीला हलवला ना दगड?"

"काका, आता दगडाला कोन इचारतो? आकडा बघा. मिलिमीटरपर्यंत बरोबर हाय."

ते खरंच होतं. चूक दहा फुटांची, पण मिलिमीटरपर्यंत अचूक.

काकांनी भर दुपारी दगड उपटून मूळ जागी लावला. आठवड्यात नोटीस आली: हद्दीची खूण सरकवली. तक्रारदार धनेश.

रंजिताने हळदीचा व्हिडिओ शोधला. पनवेलला तहसीलदार साहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. काका पहार मारतायत, दगड निघतोय, धनेश शिट्ट्या वाजवतोय. त्याचं वचन मात्र डीजेखाली ऐकूच येत नव्हतं.

"म्हणजे सरकवायची ही दुसरी वेळ," साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

बाहेर धनेश उभा होता. सवयीने पाया पडायला वाकला. काकांनी पाय मागे घेतले.

"काका, तो व्हिडिओ मना पन पाठवा ना," तो म्हणाला. "आमचेकडचा उडला."