डॉक्टरांनी झोप लिहून दिली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन केव्हा वाजेल याचा नेम नसतो. या मिस्त्रीनं तर तो उशालाच ठेवला होता. कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचं आणि हा पाने-पक्कड घेऊन धावायचा. चार तास डोळा लागला तरी खूप. असं वर्षभर चाललं.

बायको घरी शिवणकाम करायची. मोकळ्या, हसऱ्या स्वभावाची. पण हल्ली ती जवळ आली की मिस्त्री भिंतीकडे तोंड फिरवायचा. इच्छाच व्हायची नाही. कधी झालीच, तर शरीर ऐनवेळी दगा द्यायचं. चाळिशीही गाठली नाही आणि आपलं सगळं आटोपलं, या धास्तीनं तो आतून पोखरला गेला. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं ताकदीची पावडर आणली आणि अवजारांच्या पेटीत लपवली. ती नेमकी बायकोच्या हाती लागली.

"हे काय?"

"गंज काढायची पावडर."

"वेलचीच्या वासाची?" ती खो-खो हसली. मग तिचं हसू मावळलं. "अहो, मला वाटलं, मीच आता आवडत नाही तुम्हाला."

"अगं, भलतंच काय!" त्याला भडभडून आलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी साखर पाहिली, रक्तदाब मोजला, रक्त तपासायला पाठवलं. मग विचारलं, "झोपता किती?"

"चार तास. तेही तुकड्यातुकड्यांत."

"मग कसं व्हायचं? पुरुषाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन हार्मोन बरंचसं झोपेतच तयार होतं. तुम्ही कारखाना बंद ठेवलाय आणि माल मागताय! पावडर फेका. महिनाभर नीट झोपा, मग या."

मिस्त्रीनं साहेबांना सांगितलं, "डॉक्टरांनी झोप लिहून दिलीय."

"असे डॉक्टर असतात? मलाही पत्ता दे," साहेब म्हणाले, पण रात्रीचे फोन त्यांनी तिघा मिस्त्रींत वाटून दिले.

पहिल्या सुट्टीला तो इतका झोपला, की बायकोनं दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं. चौथ्या रविवारी दुपारी त्यानं तिचं मशीन थांबवलं.

"अहो, बाह्या लावायच्यात!"

"राहू देत."

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा शर्ट बिनबाह्यांचाच होता.

महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही फरक?" मिस्त्री चपलांकडे बघत राहिला, बायको खिडकीबाहेर.

"बरं, कळलं," बाई हसल्या. "रक्तातल्या हार्मोनचा आकडाही सुधारलाय. झोप मात्र सोडू नका."