बत्तिसावा अंक

“माझी बाळंतपणंसुद्धा एवढ्या निगुतीनं झाली नाहीत,” आई पुटपुटली.

जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरायची, तिच्यावर एक सुरकुती राहता कामा नये, पंखा बंद, खिडकी बंद, चहाचे कप स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाहीत आणि ज्याला शिंकायचं असेल त्यानं जिन्यात जाऊन शिंकावं, असा बाबांचा हुकूम होता. चादरीचं दुसरं टोक धाकटी लेक ताणत होती, म्हणून तिला आईचं पुटपुटणं ऐकू आलं. बाबांना आलं नाही. त्यांना हल्ली सोयीपुरतंच ऐकू यायचं.

बाबांनी चव्वेचाळीस वर्षं जमवलेली चित्रकथांची मासिकं आणि च्युइंगमच्या पाकिटातून निघणारी चित्रांची कार्डं आज विकायची होती. आईच्या गुडघ्यांना तीन मजले झेपेनात, म्हणून रविवारी दोघं धाकटीकडे राहायला जाणार होती. तिथे त्यांच्या वाट्याला एक खोली आणि एक कपाट. बाबांना राजी करण्यात धाकटीची दोन वर्षं गेली होती, आणि तेही एका अटीवर राजी झाले होते. संग्रह फुटता कामा नये. एकाच जाणत्या माणसानं तो अख्खा न्यावा. “नाहीतर तुम्ही दोघी जा, मी इथेच बसतो.” बाबा बसतो म्हणाले की खरंच बसत, हा सगळ्यांचाच अनुभव होता.

आई मात्र सकाळपासून चारदा म्हणाली होती, “आजच कशाला?” घर सुटतंय म्हणून जीव वरखाली होत असेल, असं धाकटीला वाटलं.

जुन्या अंकांचा व्यापारी वेळेवर आला. चाळिशीचा, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि आल्या आल्या न सांगता हात धुऊन आला म्हणून बाबांच्या मर्जीत बसलेला. त्यानं आधी कार्डं पाहिली. एकेक कार्ड उजेडात तिरपं धरलं, भिंगाखाली घेतलं, चक्क हुंगलंसुद्धा.

“अजून च्युइंगमचा वास येतोय, काका.”

“येणारच! फडताळात कधी फिनेलची गोळी टाकू दिली नाही मी.”

“म्हणून माझ्या लोकरीच्या शाली किडीनं खाल्ल्या,” आई म्हणाली.

व्यापारी हसला. मग बाबांनी पेटी उघडली. ‘निळा टपालवाला’ या मासिकाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे एकशे बारा अंक. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला ताठ पुठ्ठा, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद आणि चिकटपट्टीवर बाबांची सही व तारीख. दर वर्षी बाबा त्या सह्या तपासत. पिशव्या उघडत नसत. उघडलं की किंमत उतरते, हे वाक्य धाकटीनं पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं.

“कमाल आहे,” व्यापारी म्हणाला. “मुलंबाळं असलेल्या घरात असं काही सापडत नाही हो. किती मुलं तुम्हाला?”

“एक,” बाबा म्हणाले.

आई चादरीवरची नसलेली सुरकुती काढू लागली.

दोन होत्या. धाकटीहून पाच वर्षांनी मोठी, जिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. अकराव्या वर्षी ती रक्ताच्या आजारानं गेली. त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत या घरात कोणी तिचं नाव काढलं नव्हतं. जीभ तिथपर्यंत आली की सगळे चहा ठेवायला उठत.

“काका, आता उघडावे लागतील.”

“काय?”

“अंक. पानं मोजावी लागतात. मधलं जोडपान गायब असेल, कोणी कुपन कापलं असेल. पिशवीला भाव नसतो, आतल्याला असतो.”

“माझी सही आहे त्यावर!”

“सही तुमची आहे, पण घेणारा मला विचारणार ना.”

“अहो, राहू द्या,” आई एकदम म्हणाली. “नाही विकायचं तर नाही. नेऊ तसेच. माझं कपाट नको मला, माझे कपडे पेटीत राहतील.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं संग्रहासाठी एक खुंटीसुद्धा सोडली नव्हती, आणि आज कपाट देत होती. पण आता त्यांच्या सहीचा प्रश्न होता. “उघड,” ते व्यापाऱ्याला म्हणाले. “पहिल्या अंकापासून उघड. माझ्यासमोर.”

चिकटपट्टी सुटली. व्यापाऱ्यानं अंक चादरीवर ठेवला. मुखपृष्ठावर निळ्या गणवेशातला टपालवाला वादळातून सायकल हाणत होता, रंग काल छापल्यासारखे. व्यापाऱ्यानं दोन बोटांनी मुखपृष्ठ उलटलं.

पान कोरं होतं.

त्यानं दुसरं पान उलटलं. तेही कोरं. सगळी बत्तीस पानं कोरी, कडेनं जराशी पिवळी पडलेली, आणि शेवटी पुन्हा झकास रंगीत मलपृष्ठ.

“दुसरा उघड,” बाबा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच.

दुसरा कोरा. तिसरा कोरा. सातवा कोरा. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे होते. चोरी झाली, असं ते मग म्हणाले. रंगकाम करायला आले होते ते लोक. नाही, तो खालचा भाडेकरू. नाही, पहिल्यापासूनच फसवलं मला, पण नाही, मी स्वतः वाचलेत हे, लग्नाआधी, एकेक पान वाचलंय मी!

व्यापाऱ्यानं भिंग डोळ्याला लावलं होतं. त्या बिचाऱ्याला कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं, म्हणून तो कामात लपला.

“चोर असं करत नाही, काका,” तो हळूच म्हणाला. “पिशवी तळाकडून उघडून पुन्हा गरम पात्यानं चिकटवलीय, आणि पिना जुन्याच आहेत. जुन्याच भोकांतून परत घातल्यात, एक भोकसुद्धा मोठं झालेलं नाही. कागद बरोबर तेवढ्याच जाडीचा, कापही सरळ. हे बाइंडिंगमधल्या माणसाचं काम आहे. आणि हात फार चांगला आहे.”

आईनं तीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात वह्या शिवल्या होत्या.

धाकटीला स्वयंपाकघरातली एक दुपार आठवली. ती सहा वर्षांची होती. आई जमिनीवर बसून गॅसवर सुरी तापवत होती. “काय करतेस?” “इस्त्री.” सुरीनं इस्त्री कशी करतात, हे विचारायचं तेव्हा राहून गेलं.

बाबांनी पेटीत हात घातला आणि आता ते स्वतःच पिशव्या फाडू लागले. ज्या माणसानं आयुष्यभर कोपरा वाकू दिला नाही, तो पत्त्यांसारखे अंक टाकत होता. अठरावा. पंचविसावा. तिसावा. एकतिसावा. सगळे कोरे.

बत्तिसावा उघडला आणि रंग अंगावर आले. सायकल, पूल, ढग, अक्षरं. सगळं जागच्या जागी. तेहेतिसावाही अख्खा. चौतिसावाही.

“एकतीसच का?” व्यापाऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

“एकतीसच दिवस मिळाले,” आई म्हणाली.

ती खुर्चीवर बसली. चादर विस्कटली, पण आज तिला कोणी बोललं नाही.

“वॉर्डात एकालाच सोडायचे. आणि आत गेलेली वस्तू बाहेर येत नसे, जाळून टाकत. मुखपृष्ठ नेलं असतं तर तुम्हाला पेटी उघडताच कळलं असतं. म्हणून आतलं तेवढं नेत गेले, रोज एक. तुम्ही कामावर असताना मी कोरी पानं घालून शिवून ठेवायचे.” आईनं कोऱ्या पानांवरून हात फिरवला. “ती हात धुऊन वाचायची हो. तिथे दिवसातून दहादा धुवायला लावायचेच. तुम्ही धरता तसं दोन बोटांनी पान धरायची. मला म्हणायची, बाबांना सांग, मी एकही पान दुमडलं नाही. कसं सांगणार होते मी?”

“आई,” धाकटी म्हणाली आणि तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसली.

“मला सगळ्या गोष्टी तोंडपाठ आहेत. तीच सांगायची ना. एकतिसाव्यात तो पुलाला लोंबकळत राहतो, एका हातात पत्रांची पिशवी. पुढचा अंक उद्या आण, म्हणाली. कोरी पानं कापून तयार होती. पिशवीसुद्धा उघडली होती. मग तशीच बंद केली.”

व्यापारी उठला. “मी खाली थांबतो,” असं काहीसं म्हणाला आणि भिंग टेबलावरच विसरून गेला. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

चहा ठेवायला कोणी उठलं नाही.

बाबांनी बत्तिसावा अंक पुन्हा हातात घेतला. पहिलं पान उलटलं. दुसरं. धाकटीनं पाहिलं, ते अंगठ्यानं पान धरत होते, आणि कोपरा दुमडला तरी त्यांना कळत नव्हतं. पुलावरचा माणूस वर चढला की नाही, ते त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग अंक मिटला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

“माझ्याकडे मागितले होते तिनं,” ते म्हणाले. “भिंगरीनं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. मी नाही म्हणालो.”