मुफीदाचं शेपूट

ज्या यंत्राची नोंद नाही, ते यंत्र या कंपनीच्या दृष्टीने जन्मलेलंच नाही. (सूचनाफलकावर, लाल अक्षरांत.)

चांगलं तेल घशाला जाळतं. जे जाळत नाही ते सुंदर डब्यात भरतात.

डॉक्टर तुर्की दाताला भूल देतात, मग बराच वेळ जीभ आपली राहत नाही.

बंदरात दोरीवर वाळणाऱ्या ऑक्टोपसला आठ हात असतात आणि एकही कामाचा नसतो.

स्फॅक्सचा माणूस पंखा जळला तर पाती काढून ठेवतो. पाती मोडली तर स्क्रू.

मार्सेलचा माणूस फोनवर ओरडतो तेव्हा श्वास घ्यायला थांबत नाही.

हे सगळं एकाच आठवड्यात कळलं. आता ओळीने सांगते.

कंपनी ऑलिव्ह तेलाची, इथे स्फॅक्सच्या बंदराजवळ. मालक हाज ताहर, हज करून आलेले. मी दुजा, तेल चाखते. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि काय ते खरं सांगायचं. या इमारतीत खरं बोलण्याचा पगार फक्त मला मिळतो, तोही तेलापुरता.

हिवाळ्यात सी वजदी आला. (आमच्यात मानाने पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'.) नेटवर्कचा इंजिनियर. काही महिने ल्योंमध्ये राहून आलेला, त्यामुळे आम्ही शाली गुंडाळल्या की "ही कसली थंडी!" म्हणणारा. आल्या आल्या त्याने फाटक बसवलं. लाकडाचं नव्हे. भिंतीतल्या तारेला कॉम्प्युटर जोडला की हे फाटक त्याचा नंबर बघतं. नंबर नोंदलेला असेल तर आत. नसेल तर पडद्यावर करडी पाटी, आणि बसा बोंबलत.

कल्पना वाईट नव्हती. वाईट होता तो हाज ताहर यांचा हात, जो खिशाकडे जाताना वाटेतच थकतो. फाटक विकणारे यंत्रागणिक परवाना विकतात. हाजनी निम्म्या कचेरीपुरते घेतले. "उरलेले पुढच्या हंगामात." हेच वाक्य आम्ही खुर्च्यांबद्दल ऐकलंय, संडासाच्या दाराबद्दलही ऐकलंय. दार अजून दोरीने बांधतो.

आणि इथे सी वजदीची हुशारी. नवे लॅपटॉप इतके बारीक की तार खुपसायला भोकच नाही. मध्ये बोटाएवढा ॲडाप्टर लावावा लागतो. नोंद करताना साहेबांनी नंबर उतरवून घेतला तो या ॲडाप्टरचा. म्हणजे निर्यात विभागातल्या मुफीदाचा कॉम्प्युटर फाटकाला माहीतच नव्हता. माहीत होतं ते तिचं शेपूट. शेपूट ज्याला लावाल तो मुफीदा.

ल्योंला जाऊन आलेल्याला हे कळलं नाही. हिशेब बघणाऱ्या सी नुरीला परवाना मिळाला नव्हता. त्याला पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी कळलं. मोडक्या यंत्राचा चालू भाग काढून दुसऱ्याला लावणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

"मुफीदा, शेपूट दे गं जरा."

"रफीकाकडे आहे."

"रफीका, सोड ना. तेवढं बँकेचं बघतो."

"बोटीचे कागद चाललेत, सी नुरी. बँक कुठे पळतेय? बोट पळतेय."

"बोट तुझ्या बापाची का?"

"असती तर तुमचं तोंड बघत बसले असते का मी इथे?"

मुफीदा नाही म्हणत नसे, म्हणून तिच्या एका ॲडाप्टरवर उरलेली अर्धी कचेरी चालली. पूर्वी कोळशाची शेगडी शेजारी फिरवायचे, तसं ते फिरत असे. फक्त शेगडी परत करताना लोक आभार मानायचे.

मग गौरव समारंभ. सी वजदीने भिंतीवर आलेख लावला. कंपनीतलं सर्वांत मेहनती यंत्र मुफीदाचं! जेवणाच्या सुट्टीतही काम. एकाच वेळी बँक, बोट आणि बाजारभाव. हाजनी तिला बदामाच्या मिठाईचा डबा दिला आणि इतरांना म्हणाले, "हिच्याकडे बघा जरा." सगळ्यांनी बघितलं. सी नुरी सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होता. डबा शेवटी त्यानेच संपवला.

इथवर हसायला हरकत नाही.

मंगळवारी दुपारी एक पत्र गेलं. जेनोआच्या गिऱ्हाइकाला आम्ही जो खास कमी भाव देतो, तो भाव मार्सेलच्या गिऱ्हाइकाच्या हातात पडला. मार्सेलचा माणूस आमचं तेच तेल वर्षानुवर्षं चढ्या भावाने घेतो आणि स्वतःला आमचा जुना मित्र समजतो. त्याने फोन केला. हाजनी फोन कानापासून लांब धरला, तरी जिन्यापर्यंत ऐकू आलं.

सी वजदीने फाटकाला विचारलं, हे कुणी पाठवलं? फाटक म्हणालं, मुफीदाने.

चौकशी. हाजची खोली. सगळे उभे, कारण खुर्च्या पुढच्या हंगामात.

वजदी: यंत्र खोटं बोलत नाही.

मुफीदा: मंगळवारी दुपारी मी डॉक्टर तुर्कींकडे होते. दाढ काढली. हे बघा.

वजदी: तोंड मिटा, बाई. तुम्ही कुठे होतात हा प्रश्नच नाही. तुमचा नंबर इथे होता.

मुफीदा: म्हणजे मी नव्हते, पण मी होते?

वजदी: तांत्रिकदृष्ट्या, हो.

मी: अहो, ते शेपूट अख्खा मजला वापरतो!

वजदी: लल्ला दुजा, तुम्ही तेलाचं बघा.

हाज: तुम्ही वापरलंय का ते कधी?

मी: मला कशाला लागतं? मला जीभ आहे.

हाज: मग तुमची साक्ष ऐकीव. सी नुरी, तुम्ही?

नुरी: मी? देवा रे! दुसऱ्याचं यंत्र?

हाज: रफीका?

रफीका: (बुटांकडे बघत) नाही, हाज.

दुसऱ्याच्या नंबरावर काम करणाऱ्याला घरी पाठवायचं, हा नियम खुद्द हाजनी सहीनिशी लावला होता. सहा माणसं, सहा "नाही". मी तेल चाखून खराब म्हणते तेव्हा निदान घशाशी काहीतरी येतं. यांच्या घशाशी काही आलं नाही.

मुफीदाला दोन दिवस दिले: चूक कबूल कर, नाहीतर विश्वासघात म्हणून काढू. नोकरी गेली तर तिला दुसरी शोधता आली असती. पण तेलाच्या बाजारात भाव फोडणारी म्हणून नाव झालं असतं, तर या शहरातच नव्हे, सूसपासून झार्झीसपर्यंत कुठल्याही घाण्याने तिला उंबऱ्यावर उभं केलं नसतं. तिला काम येतं ते हेच एक.

शेपूट पुरावा म्हणून सी वजदीने स्वतःच्या कपाटात बंद केलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फार सुंदर दृश्य होतं. सी नुरी करड्या पाटीसमोर बसून टाइप करत होता. बोटं चालत होती, पडद्यावर काहीच हलत नव्हतं. रफीका एकच कागद उलटसुलट वाचत होती. तक्रार करायची सोय नव्हती. "माझं काम अडलंय" म्हणायचं तर आजवर ते कसं चालत होतं हे सांगावं लागलं असतं. माणसं आजारी असल्याचं सोंग करतात हे मी पाहिलंय, कामात असल्याचं सोंग इतका घाम गाळून करताना प्रथमच पाहिली. मुफीदा तिच्या टेबलाशी हात बांधून बसली होती. तोंड सुजलेलं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, शेपूटही मागत नव्हतं.

मी सी नुरीच्या खुर्चीमागे उभी राहिले. "काय लिहिताय?"

"ताळेबंद."

"पाटीवर?"

"लल्ला दुजा, माझ्या पोरांकडे बघून तरी गप्प बसा."

"तुमची पोरं जेवतात, सी नुरी. तिने काय खायचं?"

तो टाइप करत राहिला.

बंदरातून फोन येऊ लागले: टाकी भरलीय, कागद कुठेत? रफीका म्हणाली निघालेत. परत फोन. अगदी आत्ताच निघालेत.

शेवटी हाज स्वतः खाली उतरले. काखेत त्यांचा लॅपटॉप. आम्हाला वाटलं, आता गर्जना होणार. ते सरळ सी वजदीपाशी गेले आणि कुजबुजले. पण हाज एका कानाने अधू आहेत आणि त्यांची कुजबुज गोदामातही पोचते.

"ते मुफीदाचं काढ रे कपाटातून. पाच मिनिटं."

"कशाला, हाज?"

"मार्सेलवाल्याला माफीचं पत्र धाडायचंय."

"मग तुमच्या यंत्रावरून धाडा ना."

"माझ्या यंत्राला परवाना कुठे घेतलाय? मी मालक आहे. मालकाला कसला परवाना? मी नेहमी तिचंच लावतो."

सी नुरीची बोटं थांबली.

मुफीदा उठली. गाल सुजल्यामुळे शब्द जाड येत होते, पण प्रत्येक शब्द ऐकू आला. "हाज, मंगळवारी दुपारी मी दाढ काढायला गेले होते. तेव्हा माझं शेपूट कुणाच्या लॅपटॉपला होतं?"

हाजनी सी वजदीकडे पाहिलं. सी वजदीने कपाटाकडे पाहिलं. ल्योंमध्ये हे शिकवलं नसावं.

"पत्त्यांच्या यादीत त्या दोन गिऱ्हाइकांची नावं एकाखाली एक येतात," हाज कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "अक्षरं केवढीशी ती!" मग गळा साफ करून, मोठ्याने: "असो. पोरी, झालं गेलं विसर. मी तुला माफ केलं."

"मला?"

"माफ केलं म्हटलं ना. जा, कामाला लाग."

"चूक कुणाची ते इथे, सगळ्यांसमोर म्हणा. आणि मार्सेलला कळवा. मग लागते कामाला."

"आता काय कागदावर लिहून देऊ का तुला?" हाज हसले. सी नुरीही हसला. अशा वेळी तो नेहमी हसतो.

मुफीदाने कोट घातला. खण उघडून चष्मा आणि दाताच्या गोळ्या घेतल्या. रफीका काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात बंदराचा फोन वाजला आणि तिने तो उचलला, सुटका झाल्यासारखं.

हाजनी मार्सेलला लिहिलं: संबंधित कर्मचारी आता आमच्याकडे नाही. पत्र मुफीदाच्या नंबरावरून गेलं. शेपूट अजून फिरतं, आणि सी वजदीच्या आलेखात मुफीदा अजून पहिली आहे.

ती या कंपनीत लागली त्या साली आमच्या दाराला कुलूपही नव्हतं, आणि कुणाचं काही गेलं नव्हतं.